मतविराम

सुलोचना भोपीच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले होते. प्रा. त्र्यंबकराव उकिडवे ते विसरले होते अशातला भाग नाही. रोज सकाळी चहाच्या पहिल्या घोटाबरोबर ते आठवे आणि चहाची चव जाई.

सुलोचना चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या वसाहतीत बर्फ खणत असे. तिने लिहिले होते, ‘सर, आमच्या मतदानाची पद्धत रोमवरून घेतलीय म्हणतात. तुमचं पुस्तक वाचलं. तिथल्या सगळ्यात खालच्यांना कधी विचारलं गेलं का? गेलं असेल तर कसं, तेवढं कळवा. आमचा घुमट बंद करून आम्हाला पोरांसकट खाणीच्या बोगद्यात हलवायचा ठराव येतोय.’

उकिडव्यांचे उभे आयुष्य ग्रंथांत गेले. जिवंत माणसाला सल्ला द्यायचा म्हटले की त्यांचा धीर सुटे. चार मसुदे लिहून त्यांनी पुसून टाकले होते.

“अजून नाही लिहिलंत?” झुबेदा तांबोळी आत येत म्हणाली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. इतिहास सोडून यंत्रांकडे वळली होती आणि आता वसाहतीचे मतगणकयंत्र इथूनच, तिच्या देखरेखीखाली चाले. “सर, सोमवारी मतदान आहे. तुमचा पाचवा मसुदा होईपर्यंत त्या बाईचं घर बोगद्यात गेलेलं असेल.”

“मी काय सांगू गं तिला? रोममध्ये एकूण एकशे त्र्याण्णव शतकं. म्हणजे मतदारांचे गट. प्रत्येक गटाला एक मत. घोडेस्वार आणि श्रीमंत यांचीच अठ्ठ्याण्णव. त्यांना आधी विचारायचं. त्यांचं एकमत झालं की बहुमत झालं, मतदान बंद! ज्यांच्याकडे फक्त पोरंबाळं, ते सगळे मिळून एका शतकात कोंबलेले. त्यांची पाळी येईपर्यंत लोक घरी गेलेले असायचे.”

“आमचं यंत्र हेच करतं. बहुमत झालं की थांबतं. मतविराम म्हणतात त्याला. वर्ग ठरतात वायुशोधकावरून. कुणी आपल्या खर्चानं किती हवेचं यंत्र वसाहतीत आणलं, त्यावर.”

“रोममध्ये मालमत्तेवरून, म्हणजे कुणाला किती शस्त्रं परवडतात त्यावरून ठरत. ज्याचं चिलखत भारी, त्याचं मत आधी.” उकिडवे थकून खुर्चीत टेकले. मग एकदम त्यांनी विचारले, “ती यंत्रं अजून चालतात?”

झुबेदा हसली. “चंद्राची धूळ म्हणजे काचेचा चुरा, सर. सगळ्या झडपा केव्हाच खाल्ल्या तिनं. आता सगळी हवा येते त्या बाईच्या हिमघुमटातल्या लोकांनी खणलेल्या बर्फातून.”

“मग वर्ग बदलले कसे नाहीत?”

“मोजलंय कुणी पुन्हा? पहिल्या दिवशी मोजलं ते मोजलं.”

“अगं, रोममध्ये दर पाच वर्षांनी गणना होई! तुमच्या सनदेत ते कलम नाही?”

झुबेदाने सनद पडद्यावर आणली. कलम होते. संस्थापकांनी नक्कल करताना तेही जसेच्या तसे उतरवून घेतले होते. कोणाही नागरिकाने मागणी केली तर मतदानाआधी चालू स्थितीतल्या साधनांची फेरगणना बंधनकारक होती. मागणी आजवर कुणीच केली नव्हती. वरच्यांना गरज नव्हती आणि खालच्यांना कलम ठाऊक नव्हते.

“म्हणजे फेरगणना झाली की सगळ्यांचीच यंत्रं शून्य,” उकिडवे सावकाश म्हणाले. “हजारच्या हजार माणसं शेवटच्या गटात. वरचे सगळे गट रिकामे. मग मत त्या एकाच गटाचं.”

“वा, सर! लिहा पटकन.”

त्यांनी लिहायला घेतले आणि बोट थांबले. “त्या गटात आधी कुणाला विचारणार?”

“त्या गटातल्या नोंदणीच्या क्रमानं. तिथले जुने आधी, वरून नव्यानं आलेले मागून.”

“आणि जुने किती?”

“हिमघुमटातले सहाशे.” बोलता बोलता तिचा आवाज मंदावला. “ते एक झाले, तर निम्म्यांच्या पुढे गेल्याबरोबर यंत्र थांबेल. आज जे वर आहेत, त्या चारशेंना कुणी विचारणारच नाही.”

“सोमवारी नाही, पुढेही नाही. उद्या या सहाशेंनी त्या चारशेंचा घुमट बंद करायचा ठराव आणला तरी.”

झुबेदा चिडली. “म्हणून कळवायचं नाही? त्या बाईची पोरं बोगद्यात जाऊ द्यायची? तुम्हाला ना, न लिहायला कारणच लागतं!”

उकिडव्यांना हे लागले, कारण ते खरे होते. त्यांनी चष्मा पुसला. मग एकटाकी लिहून काढले:

‘सौ. सुलोचनाबाईंस, रोममध्ये खालच्यांना फारसे कधी विचारले गेले नाही. तुम्हाला विचारले जाईल. सनदेतले कलम सोबत जोडले आहे. आजच फेरगणना मागा. तुम्ही जिंकाल. मग पहिला ठराव मतविराम रद्द करण्याचा आणा. निकाल लागल्यावरही शेवटच्या माणसापर्यंत जाऊन विचारा. हे तुम्ही कराल असे मला वाटत नाही. ज्यांची पाळी आधी येते, त्यांनी ते केल्याचे मी कुठेच वाचलेले नाही. माझे वाचन अपुरे ठरावे, एवढीच इच्छा.’

झुबेदाने खांद्यावरून वाचले. “शेवटचं काढा, सर. बाईला वाईट वाटेल.”

“वाटू दे,” उकिडवे म्हणाले आणि त्यांनी पत्र चंद्राकडे रवाना केले.