लिंबाच्या मुळांना हवा हवी

कुंडीतली माती ओली होती, आणि तरीही लिंबाचे झाड तहानेने मरायला टेकल्यासारखे दिसत होते. पाने मऊ पडून खाली लोंबत होती. मैथिलीने मातीत बोट खुपसले. ते ओले होऊन बाहेर आले.

"हरबा, पाणी किती आहे रे?"

हरबा हा बागेतला यंत्रमानव. त्याने आपली बारीक सळई मातीत रोवली. "भरपूर आहे. खत आहे, प्रकाश आहे. पण मुळं पाणी ओढत नाहीत. का, ते मला कळत नाही."

दहा वर्षांची मैथिली भालेराव चंद्रावरच्या वस्तीत राहत होती. तिथली एकशे चाळीस माणसे पाळीपाळीने जमिनीखालचा बर्फ खणायची आणि नेहमी दमलेली असायची. पाळी संपली की एखादा बागेत यायचा, लिंबाचे गळलेले पान चुरगळून हुंगायचा आणि मग झोपायला जायचा. हे झाड हातभर उंचीचे होते. त्याला बोन्साय म्हणत (उथळ कुंडीत छाटून छाटून लहान ठेवलेले झाड).

अशी तीन झाडे मैथिलीच्या आजोबांनी सासवडहून आणली होती. डॉ. निरंजन भालेराव वनस्पतिशास्त्रज्ञ होते. चाळीस वर्षे त्यांनी फळझाडांचे बोन्साय केले होते. प्रवासात आणि इथे आल्यावरही काही महिने झाडांची मुळे जाळीच्या पिशवीत, पाण्याच्या फवाऱ्यावर जगली. मग फवाऱ्याचा पंप बटाट्यांच्या वाफ्यांना द्यावा लागला. आजोबांनी झाडे एकेक करून कुंडीत लावली, अगदी सासवडला लावत तशीच. पहिले मेले. दुसरे मेले. आता हे तिसरे.

"आजोबा, कुंडी बदलून बघू या ना," मैथिली म्हणाली.

आजोबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. "नको गं. दोन झाडं याच हातांनी मारली मी. आता तिसऱ्याला हात लावायची ताकद नाही माझ्यात."

दुपारी भोजनगृहात भांडी घासायची मैथिलीची पाळी होती. दोन ताटे घासून झाल्यावर तिने स्पंज पाण्यात बुचकळला आणि वर धरला. मग तशीच उभी राहिली. स्पंज पाण्याने गच्च भरला होता, पण खाली फारसे काही ठिबकत नव्हते. ती तो तसाच हातात धरून बागेत पळाली.

"आजोबा, पृथ्वीवर स्पंज असाच राहतो?"

"छे! पाण्यातून काढला की चांगला निथळतो. निम्मं पाणी तर आपोआप..." आजोबा बोलता बोलता थांबले. त्यांनी स्पंज हातात घेतला, उभा धरला, आडवा धरला. मग हळूच म्हणाले, "कुंडीची खोली किती आहे, हरबा?"

"दहा सेंटिमीटर."

"अरे देवा." त्यांनी कपाळाला हात लावला. "मैथिली, त्या झाडाला पाणी कमी पडलेलं नाहीये. ते बुडालंय."

"कुंडीत?"

"कुंडीत. नीट ऐक. मातीच्या कणांमध्ये बारीक फटी असतात. त्या फटी पाणी धरून ठेवतात, ते खाली पडू देत नाहीत. याला केशाकर्षण म्हणतात (अरुंद फटीने पाण्याला धरून ठेवणे). आणि गुरुत्वाकर्षण पाण्याला खाली ओढतं. दोघांची रस्सीखेच चाललेली असते. सासवडला माझ्या मातीच्या मिश्रणात तळाचा दोन सेंटिमीटरचा थर पाण्याने भरलेला राहायचा. त्याच्या वरचं पाणी निथळायचं आणि तिथे हवा शिरायची."

"पण इथे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश!"

"मग पाण्याने भरलेला थर किती जाड होईल?"

मैथिलीने मनात गुणाकार केला. "सहापट. बारा सेंटिमीटर. आणि कुंडी दहाच सेंटिमीटरची..."

"म्हणजे काठापर्यंत पाणीच. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. प्राणवायू मिळाला नाही तर ती पाणी ओढायचं काम थांबवतात, मग कुजतात. आणि पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने मरतं." आजोबांनी ओल्या कुंडीकडे पाहिले. "मी आणखी पाणी घालत राहिलो."

मैथिलीने त्यांच्या हातातला स्पंज घेऊन त्याची भोके न्याहाळली.

"फटी मोठ्या केल्या तर?" मैथिलीने विचारले.

"तर पकड ढिली पडेल. खडे सहापट मोठे घेतले तर थर पुन्हा दोन सेंटिमीटरचा होईल. पण इतक्या मोठ्या खड्यांत नाजूक मुळांना धरायला काही मिळणार नाही. तिप्पट घेऊ. चार सेंटिमीटर पाणी, सहा सेंटिमीटर हवा. एवढं पुरे."

हरबाने भाजलेल्या चांद्रमातीच्या जुन्या विटा फोडल्या, चाळल्या आणि वरची धूळ धुऊन टाकली, कारण धुळीने फटी पुन्हा बुजल्या असत्या. आजोबांनी झाड कुंडीतून सोडवले. गटारासारखा वास आला. निम्मी मुळे काळी आणि लिबलिबीत झाली होती. आजोबांनी कात्री उचलली, काळ्या मुळांपर्यंत नेली आणि मागे घेतली. त्यांनी ती मैथिलीपुढे धरली.

"काळं तेवढं काप. पांढुरक्या मुळांना धक्का लावू नकोस, पाणी पितात ती तीच. हरबा, फवारा मारत राहा, मुळं वाळता कामा नयेत."

मैथिलीने एकेक मूळ कापले. तिच्या मानेला कळ लागली. मग आजोबांनी तिला निम्मी पानेही काढायला लावली. मुळे कमी झाली तर पानेही कमी हवीत, नाहीतर उरलेल्या मुळांना इतक्या पानांना पाणी पुरवता येत नाही. तिने बांबूच्या काडीने खडे मुळांमध्ये सारले. झाड हलले तर नवी मुळे तुटतात, म्हणून हरबाने ते तारेने कुंडीला बांधले.

"आता खत नाही. मंद उजेडात ठेवायचं आणि वाट बघायची," आजोबा म्हणाले.

पहिल्या आठवड्यात चार पाने गळली. दुसऱ्या आठवड्यात आणखी सहा. पाळीवरून आलेले लोक झाडाकडे बघायचे आणि हात न लावताच परत जायचे. आजोबांनी खुर्ची झाडाकडे पाठ करून ठेवली. मैथिलीलाही बागेत जाणे जड वाटू लागले, पण ती रोज जायची, काडीने ओल बघायची आणि गरज असेल तेवढेच पाणी घालायची.

चोविसाव्या दिवशी खोडाच्या एका बेचक्यात तिला हिरवा ठिपका दिसला. मोहरीएवढा. तिने भिंग लावून पाहिले. कोंब होता.

"आजोबा!"

आजोबा वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "जगलं गं," एवढेच म्हणाले.

त्याच आठवड्यात मंगळावरच्या वस्तीतून निरोप आला. तिथल्या संत्र्यांच्या बोन्सायची पाने गळत होती आणि तिथल्या लोकांना डॉ. भालेरावांचा सल्ला हवा होता. आजोबांनी निरोप वाचला आणि पडदा मैथिलीकडे वळवला.

"मी दमलोय. तू सांग त्यांना."

"मी? पण मंगळावर गुरुत्वाकर्षण वेगळं आहे. पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. खडे वेगळे लागतील."

"मग काढ हिशेब," आजोबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मैथिलीने खुर्ची पुढे ओढली, थोडा विचार केला आणि लिहायला सुरुवात केली: 'नमस्कार. आणखी पाणी घालू नका. आधी मला सांगा, तुमची कुंडी किती खोल आहे?'