निळ्या गाडीखालची फुलपाखरं

घुर्र!

वीज गेली होती, कूलर थांबला होता, आणि सिहोऱ्याच्या त्या भर दुपारी घर इतकं गप्प झालं होतं, की अंगणातला तो बारीक आवाज रिंकूच्या कानात थेट शिरला. जरा वेळानं पुन्हा. घुर्र!

रिंकू उठून बसली. तिला झोप लागलीच नव्हती. उद्या प्रवास! लिलाधर मामानं शाळेची जुनी व्हॅन निळी रंगवून तिचं चालतं घर केलं होतं. आत गादी, दिवा, पन्नास लिटरची पाण्याची टाकी, छोटं बेसिन आणि नळ उघडला की आपोआप सुरू होणारा पंप. मनातल्या मनात रिंकू कितीदा तरी पवनीला जाऊन आली होती. खिडकीबाहेर वैनगंगा, आणि गादीवर मध्ये झोपलेली धाकटी बहीण टीना...

पण टीनाचंच अडलं होतं. सहा वर्षांच्या टीनाला कधी कधी रात्री धाप लागे. मग वाफेचं यंत्र लावावं लागे, आणि ते विजेवर चाले. गाडीतली बॅटरी मात्र तीन दिवस दगा देत होती. रात्री भरली की चार हिरवे दिवे, सकाळी दोनच!

"तुम्हीच लपून मोबाइल चार्ज करून राहिले," असं मामानं ठरवूनच टाकलं. काल तर त्यानं गाडीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. तरी सकाळी दोनच दिवे! "उद्या चार नाही दिसले, त टीना आईजवळ राहील," तो म्हणाला. टीना रडली नाही. नुसती गाडीजवळ जाऊन बसली.

"मोन्या, ऊठ!" रिंकूनं मामेभाऊ मोनूला हलवलं. "गाडीत कोणी तरी आहे!"

"झोपू दे ना वो! भूत असंल."

"भूत असतं त तुह्या घोरण्यानं कवाच पळालं असतं!"

दोघं दबकत अंगणात आली. टीना पोटावर पडून गाडीखाली बघत होती.

"हळू! माह्या फुलपाखरांची शाळा सुटंल!"

गाडीखाली हातभर माती ओली होती, आणि तिच्यावर वीसेक पिवळी फुलपाखरं पंख मिटून पाणी पीत बसली होती. जणू कुणी हळदीच्या चिमटी ठेवल्या होत्या. रिंकू बघतच राहिली. मग एकदम म्हणाली, "एवढ्या उन्हात माती ओली काहून?"

"तीन दिवसांपासून ओलीच हाये," टीना म्हणाली.

तीन दिवस! रिंकूनं मान वर केली. बेसिनच्या नळीतून थेंब पडत होते. टप्... टप्... ती मोजू लागली. नवव्या थेंबाला, घुर्र!

"मोन्या! नळ गळून राहिला! पाण्याचा जोर कमी झाला, का पंप सुरू! दिवसरात्र! तोच वीज खाऊन राहिला!"

"आन् कूलरच्या आवाजात कोणाले ऐकूच नाही आलं!" मोनू ओरडला. "पण बाबा मानणार नाही."

"मग त्यालेच मोजायले लावू."

मामा कडुनिंबाखाली खाटेवर पडला होता.

"मामा गा, चोर सापडला! पण पकडायले तुही किल्ली पायजे."

मामानं डोळे चोळत कुलूप उघडलं. रिंकूनं नळाखाली स्टीलचा पेला धरला. "मोज."

"सात... आठ... नऊ..."

घुर्र! मामा दचकून मागं सरला. "अरे बापा! पण नळ त मी सोता बसवला! एकदम पक्का!"

"रबराची चकती लावली होती?" रिंकूनं विचारलं.

"ते मी जपून ठेवली ना, हरवू नाही म्हणून..." मामा खिसे चाचपू लागला. मोनूची नजर मात्र कुलपावर खिळली होती.

"बाबा गा, किल्लीच्या कडीत हे काळं काय लटकून राहिलं?"

मामानं पाहिलं. तीच रबराची चकती! मग त्यानं दोन्ही कान धरले. "चोराले कमरेले खोचून मीच फिरून राहिलो, न् बदनाम केलं पोरायले!"

चकती बसली. टपटप थांबली. संध्याकाळी वीज आल्यावर बॅटरी पुन्हा भरली.

पहाटे रिंकू अनवाणी गाडीत शिरली. निळसर अंधारात चार हिरवे दिवे काजव्यांसारखे शांत जळत होते. एक, दोन, तीन, चार! तिनं पुन्हा एकदा मोजले.

आईनं वाफेचं यंत्र टॉवेलात गुंडाळून गादीवर ठेवलं आणि रिंकूच्या केसांवरून हात फिरवला. मामा म्हणाला, "मी जाळं विणणारा माणूस. एक गाठ सुटली त मासोळी जाते, हे मले ठाऊक. पण नळाच्या वक्ती अक्कल कुठं गेली होती! शाब्बास रिंकू, शाब्बास मोन्या! आन् खिडकीची जागा टीनाबाईले!"

पण टीना खिडकीत नव्हती. ऊन अंगणात उतरलं होतं, आणि ती सुकलेल्या मातीजवळ उकिडवी बसली होती. एक पिवळं फुलपाखरू मातीवर टेकत होतं, उडत होतं, पुन्हा टेकत होतं.

रिंकूनं तो स्टीलचा पेला टाकीतून भरून आणला आणि मातीवर हळूच ओतला. फुलपाखरानं पंख मिटले.

"चल आता," रिंकू म्हणाली.

टीनानं तिचं बोट धरलं, पण ती उठली नाही.

"फुलपाखरायनंच आपल्याले नळाचं सांगतलं ना ताई? मग हे सुकल्यावर त्यायले पाणी कोण देईल?"