उजवा पाय

रेवसच्या रस्त्यावर काळूरामांचं ट्रकचं गॅरेज आहे. त्यामागच्या शेडमध्ये त्यांच्या मुलीने, जागृतीने, दोन आसनांचं छोटं विमान स्वतः बांधलं. मी शारजाच्या विमानतळावर चाकांची-ब्रेकची कामं करून परत आलेला, म्हणून तिने मला मदतीला बोलावलं. उडवायची परवानगी यायची होती. तोवर त्यांच्या बंद पडलेल्या मिठागरात, उन्हाने कडक झालेल्या जमिनीवर, आम्ही ते नुसतं पळवून बघत होतो.

पळताना ते उजवीकडे ओढायचं. घरी बांधलेल्या विमानात त्याचं नवल नव्हतं. आम्ही चाकांचा कोन तपासला, ब्रेक खोलले, टायर बदलले. तरी उजवा पाय, म्हणजे चाक धरणारी पोलादी पट्टी, बाहेर फाकायचाच. एका दुपारी तो वाकला. पंख जमिनीवर घासला आणि जागृतीच्या कपाळाला खोक पडली.

“पोरी, पुरं आता,” काळूराम म्हणाले. “यात काय धड न्हाय.”

“पाय वाकलाय, बाबा. बदलेन मी.”

टाके घालून आली ती थेट शेडमध्ये. नवा पाय बसवला. तोही फाकू लागला. मग आम्ही डावा पाय उजवीकडे लावला. दोन दिवसांत तोही तसाच.

मी मासळीवाल्यांकडून मोठे वजनकाटे आणले आणि प्रत्येक चाकाखाली एकेक ठेवला. विमान रिकामं होतं. उजवा काटा डाव्यापेक्षा बासष्ट किलो जास्त दाखवत होता. काटे अदलाबदल केले. विमान उलट्या तोंडाने उभं केलं. आकडा तोच.

जागृती नेहमी डाव्या आसनावर बसायची. उजवं रिकामंच असे. तिने उजवीकडचं दार उघडून गादीवर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला. मीही हात लावला. पत्र्याची शेड मे महिन्यात तापलेली, आणि गादी खाडीच्या चिखलासारखी गार. मधोमध दबलेली.

जागृतीने दार हळूच लावलं.

“काय आहे ते मला माहीत नाही, चाचा,” ती म्हणाली. “पण वजन माहीत आहे. तेवढं पेलणारा पाय बनवू.”

ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पोलाद कापून आम्ही उजवा पाय जाडजूड केला. काळूरामांनी स्वतः भट्टीचा भाता चालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठागरात तिने इंजिन सुरू केलं. पांढरी धूळ उडवत विमान खाडीच्या बांधापर्यंत गेलं, वळलं आणि परत आलं. दोरी धरल्यासारखं सरळ.

इंजिन बंद करून ती उतरली. आमच्याकडे चालत आली.

“गेलं की नाही सरळ?”

काळूराम हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

तिच्या पाठीमागे पोलाद करकरलं.

आम्ही वळून पाहिलं. वारा पडलेला होता. विमान डावीकडे कललं होतं, ती आत्ताच उठून आली त्या बाजूला. उजवा पाय हलका होऊन वर आला होता.

जागृतीने कपाळावरचा घाम पुसला.

“मग आता डावाही तसाच करावा लागेल,” ती हळू आवाजात म्हणाली.

पुढचं चाक थांबताना तिरकं राहिलं होतं. ते वळवायचं तर डाव्या आसनावर बसून पायाने पेडल दाबावं लागतं.

आमच्या देखत ते हळूहळू सरळ झालं.