उपवास न धरणारे

मिनीबसमध्ये माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी असते. मोजो गावातल्या चामड्याच्या कारखान्यात, कातड्यांवरचे केस काढायच्या विभागात मी काम करते. तो वास अंगात मुरलाय. त्या दिवशीही सेंट मारलेला एक शिंपी मला पाहून मागच्या बाकावर गेला. आणि हा उंच, अनोळखी माणूस खुशाल शेजारी येऊन बसला. शिवाय डोळे मिटून खोल श्वास घेतला.

“चुना... सडक्या अंड्यांचा गॅस... किंचित अमोनिया,” तो म्हणाला. “छान.”

“हुंगून झालं असेल तर भाडं काढा. कंडक्टर खोळंबलाय.”

“माझं नाव देजेने. तुमच्याच कारखान्यात आलोय. हा वास खाणारे जीवाणू पाळायला.”

“खातील तेवढा खाऊ दे. उरलेला मी वापरते.”

तो हसला. मी खिडकीबाहेर पाहिलं... पण हसू मलाही आलं होतं.

नगरपालिकेने मुदत दिली होती. फासिकाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणानंतर आठवड्याभरात दुर्गंधी थांबली नाही, तर आमचा विभाग बंद आणि चाळीस बायका घरी. देजेनेने जुन्या टाकीत कॉफीची ओली टरफलं भरली, आमच्याच गटाराचा जीवाणूंनी भरलेला गाळ त्यात कालवला आणि पंख्याने आमची घाण हवा त्यातून सोडली. महिन्याभरात टाकीच्या तोंडाशी नुसता मातीचा वास. टरफलांवर पाणी शिंपायला मी एकटी पुरेशी होते, तरी तो रोज तिथे उभा असायचा.

मग हुदादे लागला, फासिकाआधीचा पंचावन्न दिवसांचा उपवास. गावात कोणी मांसाला शिवेना, जनावर कापलं जाईना, कातडी येईनात. आठव्या दिवशी देजेने टाकीपाशी डोकं धरून बसला होता.

“वुबित, यांना खायला दुर्गंधी लागते. उपाशी मरतील हे. आणि सणानंतर कातड्यांचा ढीग येईल तेव्हा...”

“तुम्ही स्वतः उपवास धरता ना? मग आधी सुचलं कसं नाही? लक्ष कुठे होतं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

“दुसरीकडे,” तो म्हणाला.

मी इतकी चिडले होते की लाजायला सवड नव्हती. कातड्यांची जुनी छाटणं, केस, चुन्याचं पाणी पिंपात भरलं, झाकून कुजवलं आणि रोज सकाळी पंख्याच्या तोंडाशी उघडायला लागले. मुकादम गेताहुन धावत आले.

“उपवासात मांस कोणाला चारतेस, पोरी? गाव काय म्हणेल?”

“त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही,” मी म्हटलं. “आणि गाव सहा वर्षं नाक दाबून माझ्याबद्दल बोलतंय. अजून थोडं बोलू दे.”

पिंप ढकलायला देजेने रोज यायचा. त्याच्या शर्टालाही माझाच वास लागला. घरमालकिणीने त्याचं ताट अंगणात ठेवायला सुरुवात केली.

“उद्यापासून नका येऊ,” मी म्हटलं. “तुमचे उगाच हाल...”

“येणार. मला अंगणात जेवायला आवडतं.”

सण झाला. कातड्यांचे ट्रक आले. मुदतीच्या दिवशी नगरपालिकेच्या बाई नाकाला शाल लावून टाकीपाशी आल्या, उभ्या राहिल्या. हळूच त्यांचा हात खाली आला.

“इथे तर नुसता मातीचा वास आहे,” त्या म्हणाल्या. “विभाग चालू ठेवा.”

बातमी मिनीबसमध्ये माझ्याआधी पोचली होती. तोच शिंपी ऐटीत माझ्याशेजारी येऊन टेकला. देजेने दाराशी वाकून उभा.

“उठा,” मी शिंप्याला म्हटलं. “ही जागा दिलेली आहे.”

“कोणाला?”

“त्याला. वास होता तेव्हा बसला होता तो. आता कायमची त्याचीच.”

सगळी बस वळून बघायला लागली. बघू दे म्हटलं. शिंपी उठला, देजेने बसला.

“कायमची?” तो हळूच म्हणाला. “मला विचारलं तरी का...”

“नको असेल तर उभा राहा तू.”

त्याने डोळे मिटून खोल श्वास घेतला. मग भाडं काढलं — दोघांचं.