झुंबळ घाई

"पेंटरभाई, ह्या उंटाची मान कुठे आहे?"

हसीब शिडीवर होता. त्याने खाली पाहिलं, तर मोरपंखी ओढणी, काखेत हजेरीपट, आणि डोळे असे की ब्रशवरचा रंग जागीच वाळावा.

"यायची आहे, टीचर. उंट लांबून येतो ना... पाय आधी पोचतात, मान मागाहून."

ती हसली नाही. तिने ते चक्क वहीत लिहून घेतलं!

ही साबेरा. धुळ्याची. जामनेरच्या उर्दू शाळेत पाचवीला मराठी शिकवायला नुकतीच आलेली. तिचं मराठी पुस्तकातून उचललेलं, इस्त्री केलेलं, कुठे चुणी नाही. आणि हसीब मराठी शाळेत शिकलेला रंगारी. जामनेर ते पहूर, पिठाच्या गिरणीपासून दवाखान्यापर्यंत पाट्या त्याच्याच हातच्या. लोक म्हणत, त्याने 'दूध' लिहिलं की मांजरं पाटी चाटायला येतात.

मुख्याध्यापक नासीर सरांनी त्याला पाचवीच्या पुस्तकातली कविता चित्रासकट भिंतीवर काढायला सांगितली होती. कविता अशी –

उंट म्हणाला म्हशीला,
"गुलफट आण ना उशीला!"
म्हैस म्हणाली, "झुंबळ घाई,
शेपूट माझं घड्याळ पाही!"

"आपण मराठीतच बोलू या," साबेरा म्हणाली. "मला सराव हवा आहे. कृपया सांगा, गुलफट म्हणजे काय? शब्दकोशात नाही. पुढच्या गुरुवारी केंद्रप्रमुख माझा पाठ पाहणार आहेत. शेरा चांगला आला तर संस्था मला ठेवून घेईल. नाही तर... पुन्हा धुळे."

धुळे! एसटीने तीन-साडेतीन तास. पण हसीबला ते त्या घडीला विलायतेपलीकडे वाटलं.

खरं उत्तर सोपं होतं. गुलफट म्हणजे काहीच नाही, नुसती गंमत. पण एवढं सांगितलं की 'आभारी आहे' म्हणून ती वर्गात जाणार. हसीबने खरं उत्तर गिळलं.

"गुलफट म्हणजे," तो ब्रश कानामागे खोचत म्हणाला, "केळीच्या वाळलेल्या पानांनी भरलेली उशी. चोपड्याकडे उंटवाले वापरतात. माझ्या खालाच्या घरी दोन आहेत. एकीवर तर उंट अजून झोपलाय."

"अजून?"

"उठवायचं धाडस कोणी करत नाही."

तिने तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी येताना तिने त्याच्यासाठी चहा आणला. रोज तिला एखादी शंका असायची आणि रोज हसीबकडे एखादी थाप. चार दिवसांचं काम आठवड्यावर गेलं, तरी उंट बिनमानेचाच!

"काय रे हसीब," नासीर सर कातावले, "उंट काढतोस का उड्डाणपूल बांधतोस?"

बुधवारी तिने विचारलं, "आणि झुंबळ?"

हसीब ह्या वेळी थबकला. थाप ओठांवर यायच्या आधीच दुसरंच काही आलं. "जाताना पाय निघत नाही... थांबायला कारण नाही... तेव्हा जिवाची जी घाई होते ना, ती झुंबळ घाई."

साबेराची लेखणी थांबली. "म्हशीला होते ही?"

"म्हशीलाही होते. रंगाऱ्यालाही."

तिने नुसती ओढणी सावरली – सावरायची गरज नसताना.

गुरुवारी सकाळी हसीबने वर्गाच्या खिडकीतून डोकावलं. भिंतीवर भला मोठा तक्ता लावलेला, आणि त्यावर त्याच्या बठ्ठ्या, झाडून सगळ्या थापा ठळक अक्षरांत! केंद्रप्रमुख शालिग्राम सर मागच्या बाकावर बसलेले.

"गुलफट म्हणजे?" त्यांनी विचारलं.

पहिल्या बाकावरची अरिबा ताडकन उठली. "केळीच्या पानांची उशी, सर! एकीवर उंट अजून झोपलाय!"

शालिग्राम सरांनी चष्मा काढला. "बाई, हे कुठल्या कोशात सापडलं?"

साबेरा पांढरीफटक. "सर... एका जाणकारांना विचारले."

"कोण जाणकार?"

तिने खिडकीकडे पाहिलं. पाहिलं आणि नजर वळवली. नाव काही घेतलं नाही.

"मी!" हसीबचं मुंडकं खिडकीतून आत आलं. "टीचरची चूक नाही, सर. थापा माझ्या. गुलफटला अर्थ नाही, झुंबळला अर्थ नाही. हसायची कविता आहे ती! पण मी हसूच दिलं नाही कोणाला." आणि गज धरून त्याने म्हशीचा आवाज काढला. म्हैस मुद्दाम धुळ्याकडची केली. "चाल बाजू हो रे उंट्या! मनी शेपटी घड्याळ देखी ऱ्हायनी!"

वर्ग असा फुटला की पत्र्यावरची कबुतरं थेट बाजार समितीत जाऊन उतरली.

साबेरा भिंतीपाशी गेली. तक्ता टर्रकन फाडला. "आता उंट काय म्हणेल? आपापल्या घरच्या बोलीत सांगा!"

चाळीस उंट एकदम बोलू लागले. शालिग्राम सर डोळे पुसत म्हणाले, "बाई, पाच शाळांत ही कविता ऐकली. सगळीकडे शब्दार्थ लिहून घेतात. हसलेलं पोर आज पाहिलं." त्यांनी शेऱ्यात लिहिलं – उत्तम.

मधल्या सुट्टीत ती तरातरा शिडीखाली आली. "उतरा खाली! माझी नोकरी जाणार होती... आठवडाभर खोटं बोललात!"

"बोललो," हसीब उतरत म्हणाला. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आल्या नसतात."

"आणि झुंबळ? तेही खोटंच?"

"शब्द खोटा..." त्याने रंगाचे हात मागे लपवले. "घाई खरी."

तिने हातातली वही मिटली. मग हळूच म्हणाली, "रविवारी माझी अम्मी धुळ्याहून येते आहे. तुम्ही तुमच्या अम्मींना घेऊन या."

"काय... काय सांगून आणू?"

"खरं सांगून आणा."

हसीबने तोंड उघडलं. आठवडाभर थांबली नव्हती ती जीभ – आणि आता एक शब्द सापडेना. अर्थाचा नाही, बिनअर्थाचाही नाही.

"राहू द्या," साबेरा म्हणाली. आणि पहिल्यांदाच खळखळून हसली. "हे मला वहीत न लिहिता समजलं."