एक्याऐंशी टक्के

ऋतुवेध यंत्राची नळी तोंडाला लावून आमान्त्लेनं तीनदा श्वास सोडला. पडद्यावर आकडा उमटला : एक्याऐंशी टक्के. वैद्यकीय महाविद्यालयाचे संचालक डॉ. तिरो यांनी तिच्या अर्जावर ‘अपात्र’ असं लिहिलं.

शेजारी तिची आजी बसली होती. कालाहारी वाळवंटाच्या कडेच्या त्या शहरात या चौऱ्याऐंशी वर्षांच्या वकीलबाईंना सगळे आदरानं म्मा सेबिना म्हणत.

“पोर गरोदर आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही, म्मा. असती तर तेही यंत्रानं सांगितलं असतं. हा आकडा पुढचा आहे. श्वासातली संप्रेरकं, वय, घराण्यातल्या बाळंतपणांच्या नोंदी यांवरून तीन वर्षांत गर्भ राहण्याची शक्यता निघते. मुलगी मध्येच रजेवर गेली की जागा अडते. उत्तरेकडे सहा खेड्यांमागे एक डॉक्टर आहे, म्मा.”

“आमच्या वॉर्डनबाई नुसत्या कमरेकडे बघून ओळखायच्या. तुम्हाला एवढं धूड लागतं?”

डॉक्टर ओशाळून हसले.

म्मांना स्वतःची गादी आठवली. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात, एकोणिसाव्या वर्षी, शिक्षिका घडवणाऱ्या महाविद्यालयानं ती वसतिगृहाच्या दाराबाहेर टाकली होती. मग चार वर्षं खटला. घटनेतल्या समानतेवर बोट ठेवून न्यायालयानं बजावलं : गर्भवती विद्यार्थिनीला शिक्षण नाकारता येणार नाही. त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर बायकांनी आनंदाच्या अशा किलकाऱ्या मारल्या, की न्यायमूर्ती खिडकीशी आले.

“मी तुम्हाला कोर्टात खेचीन.”

“तुमच्याच निकालाच्या आधारे?” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “तो गर्भवतीला वाचवतो. ही गर्भवती नाही. असती, तर मला हिला घ्यावंच लागलं असतं.”

‘मागणीत सगळ्याच मुली लिहू का?’ असं म्मांच्या वकिलानं त्या खटल्याच्या वेळी विचारलं होतं. त्याच म्हणाल्या होत्या, ‘नको. जास्त मागितलं तर काहीच पदरात पडायचं नाही. माझ्यासारख्यांपुरतं लिहा.’

“यंदा मुली किती घेतल्यात?”

“अकरा.” डॉक्टरांनी नजर टेबलावर वळवली. “नऊ जणी दिवस राहूनच आल्या होत्या.”

आमान्त्ले एवढा वेळ भिंतीवरची सूचना वाचत होती. आता ती वळली. तिचा आवाज अगदी शांत होता.

“प्रवेश बंद व्हायला चाळीस दिवस आहेत, म्मा. कितव्या दिवशी यंत्राला कळतं, तेवढं विचार ना त्यांना.”