काचेबाहेरची जांभई

दवाखान्यातल्या काचेच्या लांबट टाकीत मावशी आडवी पडलेली, आणि बाहेर यंत्रापाशी बसलेला तो तरुण तिच्याकडे बघत चक्क जांभया देत होता! औषधांची पिशवी घेऊन आलेली भाची दारातच थबकली.

"माझी मावशी आत घाबरून अर्धी झालीय, आणि तुम्ही… जांभया?"

"मुद्दाम देतोय," तो मान न वळवता म्हणाला. "आत दाब वाढतोय, कानांत दडे बसतात. जांभई आली की मोकळे होतात. आणि ती सांगून येत नाही, बघून येते… ते बघा!"

आत मावशीनं जेमतेम तोंड उघडलं. पाठोपाठ हिलाही जांभई आली. तो हसला, तशी तिनं घाईघाईनं तोंडावर हात धरला.

आईमागं तिला वाढवलं ते या मावशीनं. हाडं ठिसूळ झाली म्हणून घेतलेल्या औषधानंच घात केला. दाढ काढली, ती जखम भरेना. जबड्याचं हाड उघडं पडून मरत चाललं. आता जखम साफ करायची, अन् रोज या टाकीत प्राणवायू घ्यायचा. नाहीच भरली, तर जबड्याचा तुकडा काढावा लागणार होता.

मग रोजच दोघं काचेपाशी उभी राहून जांभया देऊ लागली.

"आजची तुमची खोटी होती."

"तुमच्याइतका सराव नाही मला!"

एकदा तो हळूच म्हणाला, "एक विचारू?"

"मावशी बरी होईस्तोवर… नको ना." ती काचेकडं बघत म्हणाली. "मनात दुसरं काही मावतच नाही हो."

त्यानं मान हलवली. पुन्हा कधी विषय काढला नाही.

आणि एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी मावशीच्या तोंडात उजेड पाडून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "हिरडी मिटलीय. हाड झाकलं गेलं. शस्त्रक्रिया नको, आता टाकीही नको."

देवाचं नाव घ्यायला भाचीनं ओठ उघडले, नि रडूच फुटलं. बाहेर आली तर समोर तो. तिचा चेहरा पाहून त्याचाही जीव भांड्यात पडला… अन् लगेच चेहरा उतरला.

"म्हणजे उद्यापासून—"

"आम्ही नाही येणार." ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्हीच या… विचारायचं राहिलंय ना?"

"कुठं येऊ?"

लाजून ती पिशवीत काहीतरी शोधू लागली. तेवढ्यात मागून मावशी, कितीतरी दिवसांनी, मोकळ्या तोंडानं बोलली, "चौकातून उजवीकडं, हिरव्या फाटकाचं घर. आणि जेवायलाच या हो! मला आता मनसोक्त चावून जेवायचंय, अन् या पोरीचं काही ताटात लक्ष नसणार."